दीड तासाचं काम, दोन दिवस
(महिला कार्यकर्त्यांच्या वाहन-दुरुस्ती शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)

कार्यक्रमपत्रिकेत माझ्या बोलण्याचा विषय ‘गाडीची किरकोळ दुरुस्ती’ असा छापला आहे. या ‘किरकोळ’ शब्दाबद्दलच मला आज बोलायचं आहे. दुरुस्तीच्या पुस्तकात ‘चाकाचे नट सोडवा, ड्रम काढा’ एवढं एक वाक्य असतं. नव्या गाडीवर ते काम पंधरा-वीस मिनिटांचं. समुद्रकाठी दहा-बारा पावसाळे काढलेल्या गाडीवर तेच वाक्य दोन दिवस खातं, कारण मधे गंज बसलेला असतो. पुस्तकात गंज लिहिलेला नसतो. आणि माझा अनुभव असा, की बाईच्या हातातला पाना नेमका या न लिहिलेल्या जागी काढून घेतला जातो. तो कसा काढून घेतला जातो आणि तो हातात ठेवायचा तर काय काय यावं लागतं, एवढंच मी सांगणार आहे.

आधी आमच्याकडे गाडी का आहे ते सांगते. आमचं काम कोकणातल्या किनारपट्टीच्या एका तालुक्यात चालतं. वाड्या लांब लांब, शेवटची एसटी संध्याकाळी निघून जाते. घराबाहेर काढलेल्या बाईला रात्री आणायचं, पोलीस स्टेशनला न्यायचं, सरकारी दवाखान्यात तपासणीसाठी थांबायचं, कोर्टाच्या तारखेला वेळेवर पोचवायचं, यासाठी एक जुनी व्हॅन आम्ही घेतली. सुरुवातीला ड्रायव्हर ठेवला होता. पण ज्या गावातून बाईला आणायचं त्याच गावात ड्रायव्हरची सोयरीक निघायची. मग त्याला नेमका त्या रात्री ताप यायचा. म्हणून आमच्यातल्या चौघीजणी गाडी चालवायला शिकल्या.

चालवणारी बाई आता लोकांच्या नजरेला सवयीची झाली आहे. साताऱ्याच्या सुरेखा यादव ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस रेल्वेचं इंजिन चालवायला आल्या, २०२३ च्या मार्चमध्ये त्यांनी सोलापूर-मुंबई वंदे भारत गाडी चालवली आणि २०२५ मध्ये त्या निवृत्त झाल्या. एका बाईची संपूर्ण नोकरी या कामात गेली. पण गाडीच्या खाली निजलेली, हात कोपरापर्यंत काळे झालेली बाई अजून किती ठिकाणी दिसते? चालवणं हे कौतुकाचं झालं, दुरुस्ती मात्र पुरुषांकडेच राहिली. आणि दुरुस्ती ज्याच्या हातात, गाडी कधी निघायची हे तोच ठरवतो.

हे काही निसर्गानं ठरवलेलं नाही. १९४८ च्या कारखाने कायद्याचं कलम २२ होतं. चालू असलेल्या मुख्य यंत्राची आणि शक्ती वाहून नेणाऱ्या भागांची सफाई करणं, तेल देणं, जुळवणी करणं ही कामं स्त्रियांना आणि अल्पवयीनांना देऊ नयेत, असं त्यात लिहिलं होतं. हेतू सुरक्षेचा होता हे मान्य. पण फिरत्या पट्ट्यात पुरुषाचा हात गेला तर तोही तुटतोच. एकाला शिकवून सावध करायचं आणि दुसरीला लांब ठेवायचं, असं झालं की वीस वर्षांनी ‘बायकांना यंत्रातलं कळत नाही’ हे आपोआप खरं ठरतं.

खरं तर मोटारीच्या पहिल्या लांबच्या प्रवासातच बाईनं दुरुस्ती केली आहे. जर्मनीत १८८८ च्या ऑगस्टमध्ये बर्था बेंझ या बाई नवऱ्याला न सांगता, दोन मुलांना घेऊन, त्यानं बनवलेली मोटार मानहाइमहून फोर्त्सहाइमला घेऊन गेल्या. अंतर सुमारे १०० किलोमीटर. वाटेत इंधनाची नळी तुंबली, ती त्यांनी टोपीच्या पिनेनं साफ केली. उतारावर ब्रेकचे ठोकळे झिजायला लागले, तेव्हा एका चांभाराकडून त्यांवर चामडं मारून घेतलं. आज ज्याला आपण ब्रेकचं लायनिंग म्हणतो, त्याची सुरुवात तिथे झाली असं मानतात. आणि आज मी जी हकिगत सांगणार आहे ती ब्रेकच्या लायनिंगचीच आहे.

आमच्या व्हॅनच्या मागच्या चाकांचे ब्रेक शू झिजले होते. नवे बसवायचे, एवढंच काम. सामान आणून ठेवलं होतं, दीड तास धरला होता. आम्ही तिघीजणी होतो. मी स्वतः तालुक्याच्या गावातल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींच्या गॅरेजात बसून हे काम शिकले आहे. त्यांना सगळे चाचा म्हणतात, मीही म्हणते.

आता गंज म्हणजे काय ते नीट समजून घेऊ. लोखंड, पाणी आणि हवेतला प्राणवायू एकत्र आले की गंज धरतो. खाऱ्या हवेतल्या मिठामुळे हे काम फार वेगानं होतं. गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते. नट आणि बोल्ट यांच्या आट्यांमधे केसाएवढी फट असते, तीत तो फुगून बसतो. म्हणजे जाम झालेला नट हा फार आवळलेला नट नसतो, त्याच्या आत पाचर मारलेली असते. म्हणून नुसता जोर लावून उपयोग नाही. पाचर आधी ढिली करावी लागते.

त्यासाठी पहिली वस्तू म्हणजे वेळ. वायर ब्रशनं उघडे आटे साफ करा. गंज सोडवायचं पातळ तेल दुकानात मिळतं, ते आट्यांवर सोडा. हातोडीनं नटावर हलके ठोके द्या, म्हणजे तेल आत उतरायला वाट मिळते. तासाभरानं पुन्हा तेल, पुन्हा ठोके. शक्य असेल तर हे आदल्या रात्रीच करून ठेवा. लोणचं मुरायला ठेवतो तसंच हे आहे, घाई केली की वाया जातं. एक काळजी घ्या. हे तेल ब्रेक शूवर, ड्रमच्या आतल्या बाजूला किंवा रबरावर जाता कामा नये. तेल लागलेला ब्रेक धरत नाही.

दुसरी वस्तू योग्य पाना. दोन बाजूंनी धरणारा उघडा पाना गंजलेल्या नटाच्या कडा खातो, नट गोल होतो आणि मग कुठलाच पाना लागत नाही. सहा बाजूंचा गोटी पाना किंवा रिंग पाना घ्या, तोही अचूक मापाचा. चाक जमिनीवर असतानाच नट पहिल्यांदा ढिले करा, जॅक नंतर. नट सुटत नसेल तर आधी किंचित आवळून बघा. कट्‌ असा बारीक आवाज आला की गंजाची पकड मोडली समजायचं, मग उलटा फिरवायचा. पुन्हा अडला की पुन्हा थोडा मागे. असं मागेपुढे करत तो बाहेर येतो.

तिसरी वस्तू लांबी. ‘बाईच्या मनगटात तेवढा जोर नसतो’ हे वाक्य तुम्हाला ऐकावं लागेल. २५ सेंटिमीटरच्या पान्यावर २० किलोचा जोर लावला आणि मग पाइप चढवून तोच पाना ७५ सेंटिमीटरचा केला, तर त्याच २० किलोचा परिणाम तिप्पट होतो. जात्याचा खुंटा मधे नसतो, कडेला असतो. का असतो ते दळण दळलेल्या बाईला कुणी सांगावं लागत नाही. मात्र हीच लांबी स्टड तोडूही शकते, म्हणून पाइपला झटके द्यायचे नाहीत, दाब हळूहळू वाढवायचा.

हे सगळं करूनही आमच्या चाकाचा एक स्टड तुटला. आतून खाल्लेला होता, लोखंडाची काडी उरली होती. तुटल्याचा आवाज ऐकून समोरच्या टपरीवरचे दोघं उठून आले. ‘वहिनी, तोडलात ना? सोडा आता, हे तुमच्यानं नाही व्हायचं.’ आणि एकानं पान्याला हात घातलाच. तो वाईट माणूस नव्हता. मदतच करायला आला होता.

मैत्रिणींनो, माझ्या सांगण्यातला सगळ्यात महत्त्वाचा भाग हा आहे. आदल्याच वर्षी याच गाडीच्या दुसऱ्या चाकाचा स्टड एका गॅरेजात तुटला होता. तेव्हा आम्हाला सांगितलं गेलं, ‘गंजला होता, तुटला.’ तुटलेला स्टड तोच, गंज तोच. मिस्त्रीच्या हातात असताना तो गंजानं तुटतो, बाईच्या हातात असताना तो बाईनं तुटतो. आणि वाईट हे, की आपणही ते खरं मानतो. काम अडलं की पुरुष म्हणतो, ‘नट जाम आहे.’ आपण म्हणतो, ‘मला जमत नाही.’ नट जाम आहे म्हणणारा पुढचा उपाय शोधतो. मला जमत नाही म्हणणारी पाना खाली ठेवते.

चाचांच्या गॅरेजात बसून मी सगळ्यात मोठी गोष्ट शिकले ती हीच. तिथे रोज काहीतरी तुटत असे. चाळीस वर्षं काम केलेल्या माणसाच्या हातूनही तुटत असे. ते शिवी घालत, चहा मागवत आणि दुसरा उपाय करत. अडणं हा कामाचाच भाग आहे हे मुलग्याला लहानपणी गॅरेजाच्या दारात उभं राहूनच कळतं. आपल्याला त्या दारात उभं राहू दिलेलं नसतं. म्हणून पहिल्या अडथळ्याला आपण परीक्षेत नापास झाल्यासारखं तोंड करतो.

त्या दिवशी आमच्यातल्या सर्वांत लहान मैत्रिणीनं पाना सोडला नाही. ती म्हणाली, ‘दादा, तुम्ही पलीकडून बॅटरी धरा, काम मी करते.’ आणि त्यांनी बॅटरी धरली. मदत नाकारायची नाही, पण मदत करणारानं कुठे उभं राहायचं ते आपण सांगायचं.

पुढचं थोडक्यात सांगते, कारण प्रत्यक्ष करताना ते बघणारच आहोत. चाक निघाल्यावर ड्रम जाम. ड्रम बिडाचा असतो, त्याच्या कडेवर हातोडा मारला तर टवका उडतो किंवा तडा जातो. हँडब्रेक सोडलेला हवा, पुढच्या चाकांना दगड किंवा लाकडी ठोकळे लावलेले हवेत आणि गाडी नुसत्या जॅकवर कधीही ठेवायची नाही, स्टँडवर ठेवायची. झिजलेल्या ड्रमला आतून काठ पडलेला असतो, तो शूंना अडकतो, म्हणून आधी ॲडजस्टर ढिला करायचा. बऱ्याच गाड्यांच्या ड्रमवर आटे पाडलेली दोन लहान भोकं असतात. त्यांत मापाचे दोन बोल्ट घालून एक पाव फेरा याला, एक पाव फेरा त्याला, असं आवळत गेलं की ड्रम सरळ बाहेर ढकलला जातो. आमचा ड्रम पाऊण तासानं निघाला.

निघाल्यावर आतल्या धुळीवर फुंकर मारायची नाही. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं आणि त्याची धूळ फुप्फुसात जाऊन आयुष्यभराचा आजार देते. ओल्या फडक्यानं पुसा, फडकं पिशवीत बांधून टाका, तोंडाला मास्क लावा. गॅरेजातली पोरं ही धूळ रोज फुंकतात. त्यांच्या आरोग्याचा प्रश्नही आपल्या चळवळीचा आहे असं मी मानते.

आत बघितलं तर व्हील सिलिंडर गळत होता. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषून घेतं, वेळेवर बदललं नाही तर सिलिंडर आतूनही गंजतो. हवा काढायचं निपल फिरवताना मोडलं, ते पोकळ आणि नाजूकच असतं. म्हणजे सिलिंडर बदलायचा. सिलिंडर काढायचा तर त्याला जोडलेल्या लोखंडी नळीचा नट सोडवायचा. तो नट नळीलाच गंजून चिकटलेला, नटाबरोबर नळीही पिळवटली. म्हणजे नळीही नवी. शू बदलायला बसलो होतो आणि स्टड, सिलिंडर, नळी एवढ्यांची यादी झाली. नट तापवून सोडवायचा उपाय असतो, पण ब्रेक ऑइल आणि रबरी नळ्यांच्या जवळ ज्योत नेणं धोक्याचं, म्हणून तो आम्ही केला नाही. सिलिंडर तालुक्यात मिळाला नाही. तो जिल्ह्याच्या गावाहून दुसऱ्या दिवशी एसटीच्या पार्सलनं यायचा होता.

आणि त्याच संध्याकाळी फोन आला. घाटाखालच्या एका वाडीतून. नवऱ्यानं मारून बाहेर काढलेली बाई, सोबत लहान मूल, शेजारणीच्या पडवीत बसलेली. आमची गाडी स्टँडवर, एक चाक उतरलेलं, ब्रेकची नळी उघडी. जमलेल्यांपैकी एकजण म्हणाला, ‘नळी ठोकून बंद करा, चाक लावा, बाकी तीन चाकांचे ब्रेक आहेत की!’ असं करणारे लोक आहेत. पण पावसाळी रस्ता, घाटाचा उतार, येताना गाडीत लेकरू. आम्ही ठरवलं, गाडी हलणार नाही. ओळखीच्या रिक्षावाल्याला बोलावलं, दोघीजणी गेल्या आणि रात्री साडेनऊला बाई आणि मूल केंद्रात पोचले.

‘गाडी आज निघणार नाही’ हे वाक्य पूर्वी आम्हाला ड्रायव्हर ऐकवायचा आणि ते खरं की खोटं हे कळायला मार्ग नसायचा. त्या दिवशी ते वाक्य आम्ही म्हटलं आणि का ते आम्हाला ठाऊक होतं. दुरुस्ती शिकण्याचा एक अर्थ गाडी चालू करता येणं हा आहेच. गाडी केव्हा चालू करायची नाही हे ठरवता येणं हा दुसरा. ती बाई सुखरूप आली यात या दुसऱ्या ज्ञानाचा वाटा मोठा होता.

दुसऱ्या दिवशी पार्सल आलं. सिलिंडर, नळी, स्टड बसवला, शू दोन्ही चाकांचे बदलले. एकाच बाजूचे कधी बदलू नका, ब्रेक मारल्यावर गाडी एका अंगाला ओढते. हवा काढली, आधी अंगणात आणि मग मोकळ्या रस्त्यावर हळू चालवून ब्रेक तपासले. चार वाजता काम संपलं.

यावर आमच्या बैठकीत वाद झाला, तोही सांगते. काहीजणी म्हणाल्या, तीन कार्यकर्त्यांचे दोन दिवस गेले, गॅरेजात दिली असती तर परवडली असती. हिशोबापुरतं त्यांचं बरोबर आहे. प्रत्येक काम आपणच करावं असा माझा आग्रह नाही. पण ज्या बाईनं एकदा जाम ड्रम काढला आहे ती गॅरेजात वेगळ्या तऱ्हेनं उभी राहते. ‘ताई, सगळं जाम आहे, खर्च वाढणार’ असं सांगितलं तर ती म्हणते, ‘काय जाम आहे ते दाखवा. काढलेला जुना भाग मला परत द्या.’ गंज खराही असतो आणि बिल फुगवायला सोयीचाही असतो. फरक ओळखायला एकदा हात घालावा लागतो.

शेवटी संघटनांसाठी चार सूचना करते.

एक. बायांसाठी जी प्रशिक्षणं होतात त्यांत टेबलावर मांडलेले, धुतलेले, चकचकीत भाग दाखवतात. त्यावर शिकलेली मुलगी पहिल्याच गंजलेल्या नटापाशी हरते आणि घरी बसते. शिकवायला भंगारातले गंजलेले भाग आणा. तोडू द्या. तुटल्यावर काय करायचं हाच धडा ठेवा.

दोन. कामाचा अंदाज देताना अडथळ्याचा वेळ धरा. पुस्तकात एक तास असेल तर जुन्या गाडीला अर्धा दिवस धरा आणि पर्यायी वाहनाची सोय करूनच नट सोडवायला घ्या.

तीन. गंज होऊच नये यासाठीची कामं वाटून घ्या. पावसाळ्यात गाडी खालून गोड्या पाण्यानं धुवा. बरेच दिवस उभी ठेवायची असेल तर सपाट जागी, गिअरमध्ये, चाकाला ठोकळे लावून ठेवा, हँडब्रेक ओढून नको, शू ड्रमला चिकटतात. ब्रेक ऑइल साधारण दोन वर्षांनी बदला. चाक बसवताना हबच्या टेकणाऱ्या भागावर ग्रीसचा अगदी पातळ हात फिरवा. स्टडचे आटे फक्त ब्रशनं साफ करा. नट समोरासमोरचे असे क्रमानं आवळा आणि ५०-१०० किलोमीटर चालल्यावर पुन्हा तपासा.

चार. एक वही ठेवा. काय जाम झालं, कशानं सुटलं, काय तुटलं, किती वेळ लागला. गॅरेजातलं ज्ञान उस्तादाकडून पोराकडे तोंडी जातं, त्या साखळीत आपण नाही. आपली साखळी आपल्याला वहीतून सुरू करावी लागेल.

आता चहा घेऊ आणि बाहेर जाऊ. झाडाखाली भंगारवाल्याकडून आणलेली तीन चाकांची हबं ड्रमसकट ठेवली आहेत, काल रात्रीपासून तेल सोडून. केस बांधा, पदर किंवा ओढणी खोचा, अंगठ्या आणि बांगड्या काढून पिशवीत ठेवा, मंगळसूत्र असेल तर तेही. कुणाला अशुभ वाटलं तर आज दुपारपुरतं माझ्या नावावर घाला. चौघी चौघींचे गट करा. प्रत्येकीच्या हातात पाना गेला पाहिजे. आणि अडलं की मोठ्यानं म्हणा, ‘नट जाम आहे.’